बोटभर उतार

देह थकला की मन देवाकडे लवकर वळते, असे सांगणारे पुष्कळ भेटतात; पण ज्याचा गुडघा दुखतो, त्याला विचारावे की देवाचे दार किती लांब आहे. रत्नप्रभाबाई बोकाऱ्यांना विचारले असते, तर त्यांनी ते अंतर पावलागणिक सांगितले असते. पिपलानीतल्या आपल्या क्वार्टरपासून बरखेड्यातल्या मनोरमाबाईंच्या क्वार्टरपर्यंत. वाटेत आधी बाजार, मग गुडघ्याची परीक्षा पाहणारा चढ. आणि परतताना तोच चढ उतार होऊन त्या गुडघ्याचा सूड घेणार.

पूर्वी हे दार त्यांच्याच परसात होते. भोपाळच्या बाहेर माळावर कारखाना उभा राहिला, त्याच्याभोवती वसाहत वसली, आणि साऱ्या मुलखातून माणसे आली. त्यांत नागपूर, उमरेड, अमरावतीकडची मराठी कुटुंबेही आली. पुरुषांना कारखान्याने एकत्र केले. बायकांना हरिनामाने केले. दर एकादशीला संध्याकाळी बोकाऱ्यांच्या परसात भजन बसे, कारण त्या ओळीतले तेवढेच परस भिंतीपासून भिंतीपर्यंत लाल फरशीने मढवलेले होते. पेटी मनोरमाबाईंची, टाळ ज्याचे त्याचे, आणि आवाज रत्नप्रभाबाईंचा. आवाज फार गोड होता असे नाही. पण तो उठला की बाकीच्यांना आपापला सूर सापडे. भजनात असा एक आवाज लागतोच, जसे घराला आढे लागते.

फरशीखाली मात्र काळी माती होती, आणि काळ्या मातीला स्वस्थता ठाऊक नसते. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात फाटते. वर्षानुवर्षे फुगत-फाटत तिने एकेक फरशी उचकटली, सांधे उघडे पाडले, आणि सांध्यांत शेवाळ धरले. एका श्रावणात मोरीजवळच्या त्या शेवाळावरून मनोरमाबाई घसरल्या. मनगट मोडले. पुढल्या एकादशीला भजन त्यांच्याकडे झाले, कारण हात गळ्यात बांधलेला होता. त्यापुढच्याही एकादशीला त्यांच्याकडेच झाले. मग ते तिकडेच राहिले. कोणी रागावले नव्हते. कोणी रागावले असते तर समजूत घालता आली असती.

रत्नप्रभाबाई काही महिने गेल्या. मग गुडघ्याला सूज आली आणि जाणे थांबले. त्यांचे यजमान नरहरराव कारखान्यात फिटर, पाळीची नोकरी. एकादशी आणि दुसरी पाळी एकाच दिवशी आली की सायकलवर सोडायलाही कोणी नसे. मुलगा उदय इंदूरला शिकत होता. मग रत्नप्रभाबाई संध्याकाळी स्वयंपाकघरात बसून एकट्याच म्हणत. एकट्याने म्हटलेले नाम देवाला पोहोचत नाही असे कोण म्हणेल? पोहोचते. परंतु दुसऱ्याचा सूर आपल्या सुराखाली हात घालून त्याला उचलतो, ते सुख एकटेपणात नाही. चार ओळी झाल्या की त्यांचा आवाज खाली बसे, आणि टाळ हातातच राही.

नरहररावांनी हे कधी पाहिले, कोण जाणे. ते कमी बोलणारे गृहस्थ होते. माघातल्या एका रविवारी ते परसात गेले, उचकटलेल्या फरशीखाली पहारीचे टोक घातले, फरशी जरा हलवून पाहिली, आणि आत येऊन म्हणाले, "परस आपण पुन्हा करू. सगळंच."

"आपण म्हणजे कोण?" रत्नप्रभाबाईंनी विचारले. "मिस्त्री ना?"

"मिस्त्री कशाला? मोठमोठ्या यंत्रांच्या बैठका जमवतो मी. घरच्या फरशीला परका माणूस आणू?"

"यंत्राला क्रेन असते. इथे मी आहे."

"तेच म्हणतो. तू आहेस."

ही थट्टा होती की स्तुती, हे त्यांना कळले नाही. पण एवढे बोलणे त्या घरात पुष्कळ दिवसांत झाले नव्हते. त्या म्हणाल्या, "करताच आहात तर सपाट करा. त्या उतारानं जीव नकोसा केला होता. समई ठेवली की तेल एका अंगाला, पेटी ठेवली की ती निघाली मोरीकडे. मनोरमा भजनभर एका गुडघ्यानं पेटीच अडवायची."

"सपाट," नरहरराव म्हणाले. तो शब्द त्यांना आवडला. त्यांच्या साऱ्या नोकरीचा तोच मंत्र होता.

आणि काम सुरू झाले. पहिल्या पाळीहून ते घरी येत, दोन घास खात, आणि डोक्याला पंचा बांधून उन्हात उतरत. जुन्या फरश्या पहारीने सोडवून भिंतीला टेकवल्या. खालची काळी माती हातभर खोल उकरून काढली, कारण ती राहिली तर पुन्हा तेच. तिच्या जागी मुरूम भरला. धुम्मसने ठोकला, पाणी मारले, पुन्हा ठोकला. रत्नप्रभाबाईंना गुडघा दुमडता येत नव्हता. त्या पाय लांब पसरून पोत्यावर बसत. बसल्या-बसल्या वाळू चाळत, घमेली भरत, माल कालवत, दोरीचे टोक धरत. मेंदीच्या कुंपणापलीकडून शेजारच्या शुक्ला भाभी रोज एकदा डोकावत.

"अरे बोकारेजी, मिस्त्री बुला लो! कमर टूट जाएगी!"

"टूट गई, भाभी," नरहरराव धुम्मस न थांबवता म्हणत. "अब क्या बुलाएँ."

गोष्ट खोटी नव्हती. रात्री जेवताना त्यांच्या हातून घास सांडे. रत्नप्रभाबाई ताटावरून उठताना भिंत धरत. एकमेकांची पाठ शेकून देण्याइतकेही त्राण उरत नसे. दोघे आपापल्या कुशीवर पडून आपापले दुखणे ऐकत. फाल्गुन गेला, चैत्र आला, ऊन कडकडले. एका बारीक कामासाठी एवढे कष्ट का, असे जगाने विचारले असते. पण जगाला ते काम बारीक दिसत होते. रत्नप्रभाबाईंना त्या परसात बसलेल्या बायका दिसत होत्या.

फरशी बसवण्याची वेळ आली तेव्हा नरहररावांनी आपली पाणसळ काढली. लाकडी चौकटीत बसवलेली काचेची नळी, नळीत पाणी, पाण्यात हवेचा एक बुडबुडा. तो बुडबुडा मध्यरेषेत थांबला म्हणजे जागा समतल. कारखान्यात केसाएवढा फरक राहिला तर यंत्र थरथरते, तापते, अखेर मोडते. म्हणून ते केसाएवढाही फरक ठेवत नसत. तोच हात त्यांनी परसातही चालवला. प्रत्येक फरशी बसवायची, लाकडी हातोड्याने ठोकायची, पाणसळ उभी ठेवायची, आडवी ठेवायची. बुडबुडा रेघभर सरकलेला दिसला तर फरशी उचलायची, माल काढायचा, पुन्हा घालायचा.

"अहो, देवाला एवढं चालतं," रत्नप्रभाबाई एकदा कंटाळून म्हणाल्या.

"देवाला चालत असेल. मला नाही चालत."

शेवटची फरशी बसली, सांधे भरले. मग मातीचे लहानसे बांध घालून त्या फरशीवर पाणी साठवले, कारण नवे सिमेंट काही दिवस ओले ठेवावेच लागते. त्या पाण्यात आभाळ दिसे. पाणी भिंतीपासून भिंतीपर्यंत सारख्याच खोलीचे होते. कुठे जास्त नाही, कुठे कमी नाही. नरहरराव सकाळी चहाचा कप घेऊन त्याच्या काठाशी उभे राहत. "बघ," ते म्हणत. एवढेच. रत्नप्रभाबाई बघत, आणि त्यांचेही मन भरून येई. पाणी साचलेले पाहून हरखलेले जोडपे सगळ्या वसाहतीत तेवढे एकच असेल.

बांध फोडले त्या दिवशी कळले.

पाणी जागचे हलले नाही. रत्नप्रभाबाईंना वाटले, जाईल हळूहळू. त्यांनी खराट्याने ते मोरीकडे लोटले. खराटा उचलला की ते परत आले. पुन्हा लोटले, पुन्हा आले. जाण्यासाठी पाण्याला कुठली तरी बाजू खालची लागते, आणि त्या परसाला बाजूच उरली नव्हती. जुन्या फरशीला जो उतार होता, ज्याला त्यांनी इतकी वर्षे नावे ठेवली होती, तो पाण्यासाठी होता. समईला त्रास देणारा उतारच परस कोरडे ठेवत होता. हे त्यांना ठाऊक नव्हते का? ठाऊक होते. रोज धुणीभांडी केलेल्या हाताला ते ठाऊक नसते कसे! पण भजनाच्या ओढीत त्या हाताचे ज्ञान त्या विसरून गेल्या, आणि यंत्रे जमवणाऱ्या हाताने त्यांचा शब्द झेलला.

भांड्यांचे पाणी, धुण्याचे पाणी, नळाखालचे पाणी. सगळे पसरून राही. ऊन वरवर सुकवी, पण भिंतीच्या सावलीत ओल टिकून राही. लवकरच तिथे बोटाला बुळबुळ लागू लागली.

आणि नेमक्या त्याच दिवसांत मनोरमाबाई पाहायला आल्या. रत्नप्रभाबाईंनीच निरोप धाडला होता, परस झाले आहे, येत्या एकादशीला इकडे जमू. मनोरमाबाई मागच्या दारात आल्या, पाऊल उचलले, आणि तसेच परत उंबऱ्याआत ठेवले.

"बाई गं! हे परस आहे की तळं?"

"आत्ताच धुतलंय," रत्नप्रभाबाई म्हणाल्या.

"धुतलंस म्हणून म्हणत नाही. दिसतंय किती छान. पण रत्ना, तुझ्याकडे यायचं म्हणजे आधी हाडवैद्याला वर्दी द्यावी लागेल." त्या हसल्या, आणि हसता हसता दुसऱ्या हाताने आपले मनगट धरले. ते त्यांनी मुद्दाम केले नाही; म्हणूनच ते रत्नप्रभाबाईंना लागले. "राहू दे गं. आमच्याकडे होतंय ना सगळं नीट? तूच येत जा."

"येईन," रत्नप्रभाबाई म्हणाल्या.

नरहररावांना त्यांनी काहीच सांगितले नाही. सांगायची गरजही नव्हती. ते संध्याकाळी परसात उकिडवे बसले, पाणसळ मांडली. बुडबुडा मधोमध. दुसऱ्या कोपऱ्यात मांडली. मधोमध.

"चूक कुठे झाली तेच सापडत नाही," ते म्हणाले.

"चूक झालीच नाही. सपाट मागितलं, सपाट दिलंत."

"तू बोलायचं होतंस."

"आणि तुम्ही विचारायचं होतं."

भांडण करायलाही जोर लागतो. तो कोणाकडेच नव्हता. रत्नप्रभाबाई म्हणाल्या, "जाऊ द्या आता. मी खराट्यानं काढत जाईन पाणी. माझी हौस संपली." नरहरराव उठले, पाणसळ पुसली, आणि आत नेऊन ठेवली.

एकादशी आली. नरहररावांची दुसरी पाळी होती. रत्नप्रभाबाईंनी टाळ पिशवीत घातले आणि निघाल्या. बाजारापर्यंत ठीक होते. चढाच्या पायथ्याशी गुडघा असा अडला की पाय पुढेही जाईना, मागेही येईना. त्या एका बंद दुकानाच्या पायरीवर बसल्या. संध्याकाळची माणसे भाजी घेऊन जात होती. चढाच्या पलीकडे आता आरंभाचा गजर झाला असेल. पहिले पद कोणी घेतले असेल? इतक्या लांबून काही ऐकू येत नव्हते. आले असते तरी काय केले असते? त्या बसल्या-बसल्याच मनात म्हणाल्या, देवा, मी आले असते रे. तू पाहिलेस ना, मी निघाले होते. पण देवाला समजावण्याचा तो सूर त्यांचा त्यांनाच परका वाटला. दर एकादशीला रिक्षा परवडण्यातली नव्हती; त्या दिवशी मात्र नाइलाजाने रिक्षा करून त्या घरी आल्या. पिशवी खुंटीला लावली. आत टाळ खणखणले.

दुसऱ्या दिवशी पहाट फुटल्यावर नरहररावांना ठणठण ऐकू आली. ते परसात आले, तर रत्नप्रभाबाई पाय पसरून बसल्या होत्या, आणि बसल्या-बसल्या पहारीचे टोक मोरीकाठच्या फरशीच्या सांध्यात मारत होत्या.

"काय चाललंय?"

"काढतेय."

"हौस संपली होती ना?"

"हौस संपली. भजन नाही संपलं." त्यांनी आणखी एक घाव घातला. सांध्यातला टवका उडाला. "काल मी बाजारापर्यंत जाऊन आले. मनोरमाकडे माझ्यानं पोचवत नाही. इथे बायका आल्या नाहीत, तर माझं म्हणणं संपलं, एवढंच. म्हणून काढतेय."

कालच्या पाळीचा शीण अजून नरहररावांच्या पापण्यांवर होता. मग त्यांनी हात पुढे केला. "पहार इकडे दे."

"तुम्ही झोपा."

"दे गं. फरशी फोडशील."

फरश्या फुटल्याच. पक्क्या मालात बसलेल्या फरश्या साबूत निघत नाहीत. कधी कोपरा गेला, कधी मधून चीर पडली. ज्या हाताने एकेक फरशी लेकरासारखी निजवली होती, त्याच हाताने ती उपटायची. हे नरहररावांना किती जड जात असेल, ते रत्नप्रभाबाई त्यांच्या श्वासावरून ओळखत. वैशाखाचे ऊन होते. ते थोडे काम करत, बसत. थोडे करत, बसत. पहिल्या खेपेला त्यांच्यात निदान उमेद होती. या खेपेला ती नव्हती, आणि तरी काम होत होते. नामाचेही असेच असते. उमेदीने घेतलेले नाम गोड खरे. पण उमेद सरल्यावर घेतलेले नामच माणसाला पैलतीरी नेते.

पुन्हा बसवायची वेळ आली तेव्हा नरहररावांनी विचारले, "उतार किती ठेवायचा?"

"बोटभर."

"असं माप नसतं. एका मीटरला किती?"

"ते मला काय ठाऊक! दोन-दोन पावलांना बोटभर, म्हणजे त्या भिंतीपासून मोरीपर्यंत चार बोटं उतरलं पाहिजे. पाणी धावायला नको, थांबायलाही नको."

"कुणाची बोटं? माझी की तुझी?"

"माझी. तुमची बोटं धरली तर पेटी थेट नालीत."

नरहरराव हसले. किती दिवसांनी हसले! हसताना पाठीत उसण भरली, आणि ते तसेच वाकून राहिले. तेव्हा रत्नप्रभाबाईही हसल्या. मग त्यांनी फरशीवर चार बोटे आडवी ठेवली, आणि नरहररावांनी खडूने त्यांची रुंदी आखून घेतली. त्या मापाने भिंतीकडून मोरीकडे दोरी ताणली. लाकडाची एक चीप तासून ती पाणसळीच्या एका टोकाखाली दोऱ्याने बांधली. आता बुडबुडा मधे आला की फरशी हवी तेवढी कललेली असे. युक्ती सोपी होती. पण कललेल्या फरशीला 'बरोबर' म्हणणे त्यांना सोपे गेले नाही. पहिल्या काही फरश्यांना त्यांचा हात आपोआप दुसऱ्या बाजूने हातोडा घाली, सपाट करू पाही. तेव्हा रत्नप्रभाबाई तांब्यातून धार सोडत. पाणी क्षणभर घुटमळे, मग शहाण्यासारखे मोरीकडे निघे.

"गेलं," त्या म्हणत.

"गेलं," ते म्हणत, आणि पुढची फरशी घेत.

फुटक्या फरश्यांचे तुकडे जुळवून बसवावे लागले. परस पहिल्यासारखे देखणे झाले नाही. शुक्ला भाभींनी कुंपणावरून पाहिले आणि म्हणाल्या, "पहले वाला ज़्यादा सुंदर था."

ज्येष्ठातल्या एकादशीला बायका आल्या. मनोरमाबाईंनी उंबऱ्यातून आधी एक पाय टेकवला, घासून पाहिला, मग दुसरा टेकवला. "घसरत नाही हो पाय," त्या मागे वळून बाकीच्यांना म्हणाल्या, "या निर्धास्त." पेटीखाली दुमडलेले पोते सारले. कुसुमताईंनी उदबत्ती लावली. ऊन भिंतीवरून वर सरकले होते आणि फरशीतून दिवसाची ऊब येत होती. गजर झाला. टाळाला टाळ मिळाला.

रत्नप्रभाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या, पाय पुढे पसरून. सकाळपासून त्यांनी परस दोनदा धुतले होते, खिरापत केली होती, सतरंज्या झटकल्या होत्या. पहिले पद झाले, दुसरे झाले. ते सूर चहूकडून आले आणि त्यांच्या खाली हात घालून त्यांना उचलू लागले. आणि इतक्या महिन्यांनी उचलले जाताच सारे शरीर एकदम सैल पडले. आता त्यांचे पद होते. पेटीने सूर धरला, थांबली, पुन्हा धरला. त्यांना ऐकू येत होते. उठावे, म्हणावे, असे मनात होते. पण पापण्या उघडत नव्हत्या, आणि ओठ नुसतेच हलले.

"रत्नाताई—" कुणीतरी म्हणाले.

"शूः," मनोरमाबाईंचा आवाज आला, अगदी जवळून. "निजू दे तिला. मी म्हणते तिचं."

पद सुरू झाले, रत्नप्रभाबाईंच्याच चालीत, पण खालच्या पट्टीत, निजलेल्या मुलाजवळ म्हणावे तसे. बाकीच्यांनी टाळ हलके केले. मागच्या दारात कोणीतरी येऊन उभे राहिल्याची चाहूल लागली. चपला काढल्या गेल्या, आणि नरहरराव त्यांच्या शेजारी भिंतीला पाठ लावून खाली बसले. त्यांच्या अंगाला कारखान्याच्या तेलाचा वास होता. रत्नप्रभाबाईंच्या मांडीवरचे टाळ सुटून फरशीवर पडू पाहत होते. ते पडले तर आवाज होईल, एवढे त्यांना झोपेतही कळत होते, म्हणून बोटे आवळलेली होती. मग कुणाच्या तरी हाताने टाळांची दोरी हळूच ओढली. एकदा, दोनदा. त्यांनी बोटे सोडली, आणि टाळ जाऊ दिले.